मेथाडोन फक्त व्यसनमुक्तीसाठी? नाही

मेथाडोन हे मॉर्फिनच्या जातीचं तीव्र वेदनाशामक. ‘हे गर्दुल्ल्यांचं औषध, दुखण्यावर देणं बेकायदा,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चूक आहे. एनडीपीएस कायद्यातल्या (अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनसोबत मेथाडोनही ‘अत्यावश्यक अमली औषधां’त आलं. राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या संस्थांत प्रशिक्षित डॉक्टर ते वेदनेसाठी देऊ शकतात. गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

धास्ती कायद्याची नको, औषधाच्या चालीची हवी. दुखणं ४ ते ८ तासच दबतं, पण औषध शरीरात कित्येक दिवस साचत राहतं. म्हणून सुरुवात २.५ मिलिग्रॅमने, दर ८ ते १२ तासांनी. डोस ५-७ दिवसांआधी वाढवायचा नाही. घाई केली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट गुंगतो, श्वास मंदावतो. आधी ईसीजी काढावा. त्यातला क्यूटी (हृदयाच्या ठोक्याचा एक कालावधी; तो लांबला की लय बिघडण्याचा धोका) फार लांबलेला असेल तर दुसरं औषध बघावं.