पुरलेला ई.टी. आणि नसलेला पॉलिबियस

जुन्या व्हिडिओ गेमच्या गप्पा रंगल्या की एक युक्तिवाद हमखास येतो: ‘अटारीच्या खड्ड्यालाही लोक थापच म्हणत होते. निघाला ना खरा? मग पॉलिबियसही कुठेतरी असेलच.’ अटारी ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी, तिने न खपलेला माल खड्ड्यात पुरल्याची ही एक गोष्ट; दुसरी पॉलिबियस नावाच्या गूढ गेम मशीनची. दोन्ही गोष्टी अमेरिकेतल्या, दोन्ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या, त्यामुळे वडाची साल पिंपळाला लागते.

आधी खड्डा. स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ चित्रपटावरचा गेम 1982च्या नाताळाला दुकानांत हवा, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी तो जेमतेम पाच आठवड्यांत लिहिला. त्यातला परग्रहवासी ई.टी. सतत खड्ड्यांत पडायचा. (पुढे त्याच्या नशिबी काय होतं ते बघता हे जरा अतीच.) लाखो कॅसेट पडून राहिल्या, कार्ट्रिजला आपल्याकडे कॅसेटच म्हणायचे. सप्टेंबर 1983मध्ये अटारीने टेक्सासमधल्या एल पासोहून ट्रक भरभरून माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत नेऊन पुरला आणि वर काँक्रीट ओतलं. यात गुपित काही नव्हतं. गावातल्या वर्तमानपत्राने छापलं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही छापलं. पुढे बातमी विस्मरणात गेली आणि ‘वाळवंटात पुरलेले लाखो ई.टी.’ एवढंच तोंडोतोंडी उरलं.

26 एप्रिल 2014 रोजी एका माहितीपटाच्या निमित्ताने तो डेपो उकरला. कचऱ्याच्याच धंद्यातले जो लेवांडोव्स्की यांनी जुने फोटो ताडून जागा हेरून ठेवली होती. सुमारे 1300 कॅसेट वर आल्या, पण त्यांत ई.टी. साधारण दहात एक. बाकी सेंटिपीड, स्पेस इन्व्हेडर्स अशी धो धो खपलेली नावं. पुरण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्या जेम्स हेलर यांनी एकूण आकडा 7,28,000 सांगितला. म्हणजे पुरलं हे खरं. ‘भिकार गेमची कबर’ हे मात्र खरं नाही. न खपलेल्या मालाने तुंबलेलं गोदाम रिकामं केलं, इतकंच.

आता पॉलिबियस. गोष्ट अशी: 1981 साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या गेम पार्लरांत एक काळं मशीन आलं, खेळणाऱ्या पोरांचं डोकं दुखायचं, रात्री भयानक स्वप्नं पडायची, आणि काळ्या सुटातली माणसं येऊन मशीनमधली माहिती घेऊन जायची. मग एक दिवस मशीनच गायब.

या मशीनचा 1981मधला एकही छापील उल्लेख नाही. गोष्ट इंटरनेटवर उगवली ती जवळपास दोन दशकांनी, आणि 2003मध्ये ‘गेमप्रो’ मासिकाने तिला हवा दिली. कॅबिनेट नाही, चिप नाही, जाहिरात नाही. पर मात्र होतं, ज्याचा कावळा झाला: त्या वर्षी पोर्टलंडमध्ये विक्रमासाठी 28 तास ॲस्टेरॉइड्स खेळणारा एक मुलगा खरंच आजारी पडला होता, आणि काही दिवसांनी सरकारी माणसांनी पार्लरांवर खरंच छापे घातले होते. जुगाराच्या संशयावरून.

म्हणून ‘तेही खरं निघालं’ ही तुलनाच लंगडी. खड्ड्याची बातमी आधी छापून आली आणि दंतकथा मागाहून झाली. पॉलिबियसची नुसती दंतकथाच आहे.

आणि ते नाव! पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार, प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारल्याशिवाय लिहू नये असं बजावणारा. गावही आर्केडिया प्रांतातलं, आणि गेम पार्लरला इंग्रजीत म्हणतात आर्केड. बारसं करणाऱ्याने गालात हसतच नाव ठेवलं असावं, असा माझा दाट संशय आहे.