पंचेचाळीस दिवसांची 'विंडो'

नवा मारधाडपट घरच्या टीव्हीवर कधी येणार, हे ठरतं 'विंडो'वर. नाव खिडकीचं, काम दार लावून ठेवण्याचं. चित्रपट थिएटरात लागल्यापासून तो इतरत्र दाखवायचा नाही, असा हा काळ. फ्रान्समध्ये त्याला कायद्याचा आधार आहे. तिथे २०२२ मध्ये एका बड्या स्ट्रीमिंग सेवेसाठी हा काळ ३६ महिन्यांवरून १५ महिन्यांवर आला. अमेरिकेत मात्र हा स्टुडिओ आणि थिएटरवाले यांच्यातला सौदा.

गोंधळ होतो तो 'विंडो संपली' म्हणताना. नेमकी कोणती संपली? आधी चित्रपट वेगळे, तेही चढे भाडे भरून बघायला मिळतो आणि सबस्क्रिप्शनमध्ये त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येतो. बातमीतले '४५ दिवस' बहुतेकदा पहिल्या टप्प्याचे असतात आणि वाचणारा दुसऱ्याचे समजून वाट बघत बसतो.

टीव्हीवर लागलेलं घरी टेप करून बघणं हा गुन्हा आहे का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८४ साली ५ विरुद्ध ४ अशा मतांनी प्रेक्षकाच्या बाजूने मिटला. मग कॅसेट, डीव्हीडी, आणि २००७ पासून स्ट्रीमिंग. विंडो आक्रसत तीन महिन्यांच्या आसपास आली होती, तोच महामारी आली.

जुलै २०२० मध्ये एका स्टुडिओने थिएटरांच्या सर्वांत मोठ्या साखळीशी १७ दिवसांच्या विंडोचा करार केला. खरा भडका उडाला तो डिसेंबरात. दुसऱ्या एका स्टुडिओने जाहीर केलं की २०२१ चे आपले सगळे, म्हणजे १७, चित्रपट अमेरिकेत थिएटरात आणि स्वतःच्या स्ट्रीमिंग सेवेवर एकाच दिवशी येतील आणि सेवेवर ३१ दिवस राहतील. (१७ चा आकडा दोन्हीकडे, हा निव्वळ योगायोग.) बंद थिएटरं पाहता निर्णय समजण्यासारखा होता, तो ज्या रीतीने झाला ती मात्र नाही. अनेक दिग्दर्शकांना आपल्या चित्रपटाचं काय होणार हे जवळजवळ जगाबरोबरच कळलं. थरारपटांसाठी नावाजलेल्या एका दिग्दर्शकाने जाहीर टीका केली आणि पुढचा चित्रपट दुसरीकडे नेला.

यात भरडले गेले ते मुख्यतः मारधाडपट, कारण खर्च सर्वांत मोठा त्यांचा आणि कलाकारांचा मोबदलाही अनेकदा तिकीटविक्रीशी बांधलेला. जुलै २०२१ मध्ये असाच घरी आणि थिएटरात एकत्र आलेल्या हेरपटाच्या नायिकेने वेगळ्याच एका स्टुडिओवर करारभंगाचा दावा लावला. दोन महिन्यांत तडजोड झाली. शिवाय पहिल्याच दिवशी स्वच्छ डिजिटल प्रत हाती लागल्याने चोरट्यांचं फावलं. २०२२ साठी त्या १७ चित्रपटवाल्या स्टुडिओनेच ४५ दिवसांची विंडो मान्य केली.

दिवस कमी झाले, चित्रपट मात्र थिएटरच्याच हिशेबाने बनत राहिले. स्ट्रीमिंगचं कॉम्प्रेशन, म्हणजे चित्राचा डेटा आटवणं, आधीच्या फ्रेममधलं जे बदललं नाही ते पुन्हा न पाठवून जागा वाचवतं. हलता कॅमेरा, धूर, ठिणग्या आणि सेकंदागणिक कट असलेल्या हाणामारीत न बदलणारं फारसं काही उरतच नाही. थरारपटाची अडचण उलटी: अंधाऱ्या खोलीतल्या बारीक छटांवर एन्कोडर (हा डेटा आटवणारी यंत्रणा) डेटा हात राखून खर्च करतो, म्हणून काळोखात पट्टे दिसतात. आवाजाचंही तेच. थिएटरसाठी केलेल्या मिक्समध्ये, म्हणजे आवाजांच्या जुळणीत, कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर प्रचंड असतं. घरासाठी वेगळं 'निअरफील्ड' (जवळच्या स्पीकरवर ऐकण्यासाठीचं) मिक्स करता येतं, पण तेही टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरला कितपत पेलणार? म्हणून संवादाला आवाज वाढवायचा आणि पहिली गोळी सुटली की रिमोट शोधायचा.