'लाइव्ह आफ्टर डेथ' आणि 'फ्लाइट 666' : पार्श्वभूमी

आयर्न मेडनचा 'फ्लाइट 666' (2009) हा लाइव्ह अल्बम नीट समजून घ्यायचा तर 'लाइव्ह आफ्टर डेथ'पर्यंत (1985) मागे जावे लागते, कारण ज्या दौऱ्यात 'फ्लाइट 666' ध्वनिमुद्रित झाला, तो दौराच मुळी या ब्रिटिश हेवी मेटल बँडने आपल्या 1980 च्या दशकाची पुनर्मांडणी म्हणून आखला होता.

'पॉवरस्लेव्ह' या अल्बमसाठीचा जागतिक दौरा ऑगस्ट 1984 मध्ये पोलंडमध्ये, म्हणजे तेव्हाच्या कम्युनिस्ट गटातील देशात, सुरू झाला आणि जुलै 1985 मध्ये कॅलिफोर्नियात संपला. मंचावर प्राचीन इजिप्तचे मंदिर उभारलेले असे आणि शेवटाकडे एडी हे बँडचे बोधचिन्ह अजस्र ममीच्या रूपात प्रकटत असे. मार्च 1985 मध्ये लाँग बीच अरीनात सलग चार रात्री झालेल्या कार्यक्रमांतून निर्माता मार्टिन बर्च याने 'लाइव्ह आफ्टर डेथ' या दुहेरी तबकडीच्या पहिल्या तीन बाजू सिद्ध केल्या. चौथ्या बाजूवरची गाणी मात्र ऑक्टोबर 1984 मधील, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन येथील आहेत. संस्थापक आणि बासवादक स्टीव्ह हॅरिस याचा आग्रह असा, की वाजवले ते तसेच राहू द्यावे, नंतर स्टुडिओत डागडुजी नको.

त्याचा परिणाम कानाला जाणवतो. 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर' या तेरा मिनिटांहून मोठ्या रचनेआधी गायक ब्रूस डिकिन्सन, पक्षी अंगावर शिटला तर काय करू नये ते आता ऐका, अशा अर्थाची कोटी करतो आणि पक्षी मारणाऱ्या खलाशाविषयीच्या कोलरिजच्या कवितेवरचे ते गंभीर गाणे सुरू होते. एवढा खट्याळपणा स्टुडिओतल्या अल्बमात कधी आला नसता.

मधल्या काळात बरेच घडले. गिटारवादक एड्रियन स्मिथ 1990 मध्ये आणि डिकिन्सन 1993 मध्ये बाहेर पडला. 1999 मध्ये दोघे परतले तेव्हा स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गर्सलाही ठेवून घेण्यात आले आणि बँडमध्ये डेव्ह मरेसह तीन गिटारवादक झाले.

'फ्लाइट 666' ज्यात ध्वनिमुद्रित झाला, तो 2008 चा दौरा या संचाने केला. इजिप्तचा मंच पुन्हा उभा राहिला, दौरा सुरू झाला त्याच महिन्यात 'लाइव्ह आफ्टर डेथ'ची डीव्हीडीही बाजारात आली आणि बँड, कर्मचारी व सामान एकाच बोइंग 757 विमानातून हलवण्यात आले. विमानाचा कप्तान होता खुद्द डिकिन्सन, जो तोवर व्यावसायिक वैमानिक झाला होता. पहिला कार्यक्रम 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. बँड भारतात प्रथम आला तो 2007 मध्ये बंगळूरला. मुंबईकरांची पाळी वर्षभराने आली, पण अल्बममध्ये पहिला मान त्यांना मिळाला. चर्चिलच्या भाषणामागोमाग येणारे 'एसेस हाय' हे 'फ्लाइट 666'चे सुरुवातीचे गाणे मुंबईतच ध्वनिमुद्रित झालेले आहे. 'लाइव्ह आफ्टर डेथ'चीही सुरुवात याच भाषणाने आणि याच गाण्याने होते, त्यामुळे तुलना येथूनच करता येते.

सोळा गाणी, सोळा शहरे, अशी 'फ्लाइट 666'ची रचना आहे. त्यातील दहा गाणी 'लाइव्ह आफ्टर डेथ'मध्येही आहेत, परंतु प्रत्येक गाण्यागणिक सभागृह वा मैदान बदलत असल्याने एका रात्रीचा चढता रंग येथे साधत नाही. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांच्या याच दौऱ्यावरील माहितीपटाला ही रचना शोभते. नुसते ऐकताना ती काहीशी तुटक वाटते. 1985 च्या ध्वनिमुद्रणात लय ठिकठिकाणी ओढीने पुढे धावते आणि दोन गिटारींची जुगलबंदी स्वच्छ वेगळी ऐकू येते. तीन गिटारींचा आवाज अधिक भरदार असला तरी ती धार त्यात थोडी बुजते. उलट 'फिअर ऑफ द डार्क'मध्ये ब्यूनोस आयरेसचे श्रोते शब्दच नव्हे तर गिटारची धूनही गातात, आणि 1992 चे हे गाणे 'लाइव्ह आफ्टर डेथ'च्या वेळी अस्तित्वातच नव्हते.