खिरव्या डमळातली झुंकरी

एक वाक्य वाचा : ‘लमट्या गोरूपने खिरव्या डमळात झुंकरी लपवली.’ आता प्रश्न. झुंकरी कोणी लपवली? लमट्या गोरूपने. कुठे लपवली? खिरव्या डमळात. पैकीच्या पैकी गुण!

झुंकरी म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही, ते शब्द आत्ताच बनवले. तरी उत्तरं बरोबर आली, कारण ‘ने’ दिसला की करणारा कळतो आणि ‘त’ दिसला की जागा कळते. मराठी शाळेत दुसरी-तिसरीतली पुष्कळ मुलं नेमकं हेच करतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं, वहीत उतरवायचं. वही तपासून होते, शेरा मिळतो आणि मुलाला धडा कळला की नाही हा प्रश्न तसाच राहतो.

वाचन म्हणजे काय याची एक सुटसुटीत मांडणी फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये केली. अक्षरांवरून शब्द ओळखता येणं आणि भाषा ऐकून समजणं, या दोन क्षमतांचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक जरी शून्य असली तरी हाती शून्यच.

आपल्याकडे सगळा जोर पहिल्या क्षमतेवर असतो. त्याला कारणही आहे. स्वरचिन्हं, बाराखडी, जोडाक्षरं हा पसारा मोठा. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की अशा लिपीतली सगळी अक्षरचिन्हं पक्की व्हायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा खूप जास्त, काही वर्षांचा काळ लागतो. पण ती पक्की होईपर्यंत अर्थाला थांबवून ठेवायचं, हे मात्र मला पटत नाही. ग्रामीण भारतातल्या शालेय शिक्षणाच्या 2024 च्या ‘असर’ पाहणीत तिसरीतल्या 27.1 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा मुख्यतः मोठ्याने वाचता येण्याचा आहे. वाचलेलं उमगलं का, हा त्यापुढचा प्रश्न. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द ‘अर्थासह’ वाचावेत असं उद्दिष्ट आहे. साठ शब्द मोजायला घड्याळ पुरतं. ‘अर्थासह’ कशाने मोजणार? म्हणून वर्गात बहुतेक वेळा घड्याळच जिंकतं.

समजणं म्हणजे नेमकं काय घडतं? हे वाक्य पाहा : ‘आभाळ भरून आलं तशी आजी लगबगीने गच्चीवर धावली आणि तिने वाळवण गोळा केलं.’ यात पावसाची भीती कुठेही लिहिलेली नाही. कुरडया-पापड भिजले तर वाया जातात, हेही नाही. लेखक निम्मंच सांगतो, उरलेलं वाचणाऱ्याने स्वतःजवळचं घालायचं. ज्या मुलाच्या घरी उन्हाळ्यात वाळवण पडतं, त्याला यात काही अवघड वाटत नाही. फ्लॅटमध्ये वाढलेलं मूल अडखळतं. आणि जिथे कुरडया घालतच नाहीत, अशा पाड्यावरचं वारली किंवा कातकरी बोलणारं मूल तर दोनदा अडतं, एकदा वस्तूपाशी आणि एकदा प्रमाण मराठीपाशी.

माहितीचा हा वाटा किती मोठा असतो, हे अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. 1988 मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीतल्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्यातल्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. मग मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. यात मला तरी नवल वाटत नाही. क्रिकेट न पाहिलेल्या पट्टीच्या वाचकाला ‘स्लिपमध्ये झेल उडाला, पण नो-बॉल होता’ हे वाचायला द्या आणि फलंदाज बाद झाला का ते विचारा.

म्हणून परिसर, इतिहास, विज्ञान हे विषय बाजूला सारून तासन् तास ‘आकलनाचा उतारा’ सोडवून घेणं हा उलटा कारभार आहे. बेडूक, बाजार, ग्रहण, किल्ला यांबद्दल जे कळलेलं असेल, तेच पुढच्या उताऱ्यात कामी येतं.

माहिती असली तरी चिमुकले शब्द घात करतात. ‘रमाने सुमनला आपली वही दिली’ आणि ‘रमाने सुमनला तिची वही दिली’. पहिल्या वाक्यात वही रमाची. दुसऱ्यात बहुधा सुमनची, किंवा आधीच्या वाक्यात आलेल्या तिसऱ्याच कुणाची. मोठी माणसं हे नकळत सोडवतात, मुलं गोंधळतात. ‘तरी’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘च’ यांचंही तसंच. ‘पाऊस पडला तरी सामना झाला’ यातला ‘तरी’ निसटला तर उरतात नुसत्या दोन बातम्या.

आणि निसटलं हे मुलाच्या लक्षातही येत नाही. मानसशास्त्रज्ञ एलन मार्कमन यांनी 1970 च्या दशकात मुलांना माशांविषयीचा एक मजकूर ऐकवला. समुद्राच्या तळाशी मुळीच उजेड नसतो. तिथले मासे आपलं खाद्य त्याच्या रंगावरून ओळखतात. अंधारात रंग कसा दिसेल? पुष्कळ मुलांना मजकुरात काहीच खटकलं नाही. पाचवी-सहावीतलीही त्यात होती. प्रत्येक वाक्य वेगवेगळं कळलं होतं, पण दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहायची असतात हेच सुचलं नव्हतं.

ही सवय लावता येते का? येते, आणि तिची सुरुवात बोलण्यापासून होते. समजा गोष्टीत वाक्य आहे : ‘बाबा एस.टी.तून उतरून घरी आले, तेव्हा चपला त्यांच्या हातात होत्या.’ इथे पुस्तक मिटून विचारायचं, चपला हातात का? कोणी म्हणेल, अंगठा तुटला. कोणी म्हणेल, चिखल असेल. एखादी म्हणेल, घरात बाळ झोपलंय, आवाज नको म्हणून. तिन्ही उत्तरं शहाणपणाची आहेत, म्हणून लगेच ‘बरोबर, बस खाली’ म्हणायचं नाही. ‘तुला कसं कळलं?’ हे विचारायचं. मग पुढचं वाक्य वाचायचं : ‘आईने दारातच पाण्याची बादली ठेवली होती.’ आता कुणाचा अंदाज टिकला? बाळवाली स्वतःच मत बदलते, अंगठावाला मात्र थोडा वाद घालतो. घालू दे. एका वाक्यात दहा मिनिटं गेली, पण मजकुरात पुरावा शोधायचा असतो हे त्या दहा मिनिटांत वर्गाला कळलं. ‘बाबांच्या हातात काय होतं?’ या प्रश्नाने ते कधीच कळलं नसतं.

बोलण्यावर एवढा भर का, याला इंग्लंडमधल्या एका अभ्यासाचा चांगला आधार आहे. यॉर्क विद्यापीठातल्या पॉला क्लार्क, मार्गारेट स्नोलिंग आणि सहकाऱ्यांनी अस्खलित वाचणारी पण आकलनात मागे असलेली आठ-नऊ वर्षांची 84 मुलं निवडली. 20 आठवडे एका गटाबरोबर लिखित उताऱ्यांवर काम केलं. दुसऱ्या गटाबरोबर फक्त तोंडी : शब्दांचे अर्थ, ऐकलेल्या गोष्टी, म्हणी-वाक्प्रचार, गोष्ट सांगणं. तिसऱ्या गटाला दोन्ही थोडं थोडं, आणि चौथ्याला नेहमीची शाळा. कार्यक्रम संपला तेव्हा तिन्ही गट चौथ्याच्या पुढे होते. पण संपल्यावर 11 महिन्यांनी पाहिलं, तर सर्वांत पुढे गेला होता तोंडी काम केलेला गट. 2010 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांची शब्दसंपत्ती वाढली, हे त्यामागचं एक कारण निघालं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात घराला भाग घेता येतो, अगदी निरक्षर घरालासुद्धा. उद्या वर्गात वाळवणाचा धडा असेल तर आज मुलांना एवढंच सांगायचं : घरी आजीला विचारून या, पावसाळ्यासाठी ती काय काय साठवून ठेवते आणि ते खराब होऊ नये म्हणून काय करते. उत्तर अहिराणीत येवो, वारलीत येवो किंवा कोकणीत. सकाळी फळ्यावर आधी त्या बोलीतले शब्द लिहायचे, शेजारी पुस्तकातले, आणि मगच धडा उघडायचा.