रोजगार हमी: कामावर न गेलेल्यांचीही मजुरी वाढवणारा कायदा

1972 च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावांवर माती उपसायला महाराष्ट्रातले लाखो लोक जात होते. पण काम काढायचे की नाही, ही सरकारची मर्जी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह असा, की मागेल त्याला काम मिळणे हा हक्क झाला पाहिजे. 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच योजनेसाठी बसवला होता.

या कायद्याची खरी कमाल त्याच्या चाळणीत आहे. गरीब कोण, हे ठरवायला दाखले आणि याद्या लागतात, आणि यादीत नाव घुसवणारे सगळीकडे असतात. इथे यादीच नाही. ज्याला गरज नाही, तो भर उन्हात माती वाहायला येतच नाही. अर्थशास्त्रात याला स्वयंनिवड म्हणतात. म्हातारी, अपंग माणसे मात्र याच चाळणीतून गळतात. हा दोष मला गंभीर वाटतो.

2005 मध्ये देशाचा कायदा झाला, तेव्हा सरकार काँग्रेसप्रणीत आघाडीचे होते. मूळ विधेयक फक्त गरीब कुटुंबांपुरते होते. ही अट काढा, असे सांगणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते भाजपचे कल्याणसिंह. अट गेली.

पुढे अविभाजित आंध्र प्रदेशात 157 मंडलांमध्ये (मंडल म्हणजे जिल्ह्याचा एक भाग) एक मोठा प्रयोग झाला. कोणत्या मंडलात या योजनेचे मजुरीवाटप आधी सुधारायचे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी फरक मोजला. जिथे वाटप सुधारले, तिथे गरीब कुटुंबांची कमाई सुमारे 14 टक्क्यांनी वाढली. पण वाढीतला बहुतेक पैसा योजनेचा नव्हता, तो इतरांकडच्या मजुरीतून आला होता!

कारण साधे आहे. गावात काम देणारे दोनचारच असले, की ते सांगतील तो रोज घ्यावा लागतो. दुसरीकडे हमखास काम असेल, तर मजूर "परवडत नाही" म्हणू शकतो. मजुरी वाढली की मालक माणसे कमी करतील, अशी भीती नेहमी घातली जाते. त्या मंडलांमध्ये खासगी कामाचे दिवस घटले नाहीत, उलट वाढलेले दिसले.