तीन वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच का?

वहिनीचा फोन आला तेव्हा ती वैतागलेली होती. मानेवर आणि दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला बारीक पुरळ, आणि खाज इतकी की रात्री डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही लावलंत का? ही म्हणाली, नाही. ते खरंच होतं. बदामतेलात संत्र्याच्या सालीचं आणि लॅव्हेंडरचं इसेन्शियल ऑइल घालून घरी केलेलं अंगाला लावायचं तेल ती तीन वर्षं वापरत होती. "भाऊजी, तेल तेच, मी तीच. तीन वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच का? आणि तुम्हाला सांगते, त्यात केमिकल एकही नाही!"

शेवटचं वाक्य आधी निकालात काढू. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त असतं ते लिमोनिन. लॅव्हेंडरमध्ये मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट, शिवाय इतर कितीतरी संयुगं थोडी थोडी. रेणू पानात तयार झाला की कारखान्यात, याची चौकशी त्वचा करत नाही. तो कसा वागतो एवढंच तिला कळतं.

आता 'तेल' या शब्दाबद्दल. इसेन्शियल ऑइल म्हणजे वनस्पतीतून काढलेला सुगंधी अर्क. त्याला मी अर्कतेल म्हणेन, पण ते नावालाच तेल आहे. कागदावर एक थेंब बदामतेलाचा टाका, शेजारी एक लॅव्हेंडरचा. दुसऱ्या दिवशी बदामतेलाचा डाग तसाच दिसेल आणि लॅव्हेंडरचा थेंब उडून गेलेला असेल. बदामतेल म्हणजे मेद, त्याचे रेणू अवजड. अर्कतेलाचे रेणू चिमुकले: लिमोनिनचा रेणुभार १३६, लिनालूलचा १५४. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो बऱ्याच गोष्टी बाहेर अडवतो. पण रेणुभार साधारण ५०० च्या खाली असेल आणि रेणू मेदात विरघळणारा असेल, तर हा पहारा ढिला पडतो. म्हणून अर्कतेल लावणं हे अत्तर कपड्याला लावण्यासारखं नाही. त्यातलं काही ना काही आत जातंच.

आत गेलेलं ताजं लिमोनिन मात्र फारसं उपद्रवी नाही. माझा आवडता भाग इथून सुरू होतो.

लिमोनिनच्या रेणूत कार्बन-कार्बन दुहेरी बंध दोन असतात. दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन जरा सैल धरलेला असतो. उजेड, उष्णता किंवा धातूचा एखादा अंश यांच्या निमित्ताने असा एखादा हायड्रोजन निघून गेला, की मागे उरलेल्या कार्बनपाशी एक एकटा इलेक्ट्रॉन राहतो. हा झाला मुक्तमूलक. तो फार काळ एकटा राहत नाही, हवेतला ऑक्सिजन लगेच पकडतो. पण ऑक्सिजन जोडला तरी एकटेपण संपत नाही, ते नुसतं ऑक्सिजनच्या टोकाला सरकतं. मग ते टोक शेजारच्या लिमोनिनचा सैल हायड्रोजन ओढून घेतं. पहिल्याचं भागलं, दुसरा नागवला गेला. रांगेतल्या पहिल्या माणसाचा खिसा कापला गेला आणि त्याने भरपाई म्हणून पुढच्याचा कापला, तसं हे चालू राहतं. एक ठिणगी पुरते, पुढची साखळी आपोआप चालते. भरपाई झालेला प्रत्येक रेणू आता लिमोनिन उरलेला नसतो; तो असतो लिमोनिन हायड्रोपेरॉक्साइड, ज्यात दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना अगदी कमकुवत बंधाने धरून असतात.

बदामतेल खवट होतं तेही याच रसायनाने. पण खवटपणा नाकाला लगेच कळतो. अर्कतेलाच्या बाबतीत नाकावर विसंबता येत नाही. संत्र्याचा वास कधी मंदावतो, कधी त्याला टर्पेंटाइनची झाक येते, तर कधी बाटली बिघडत असताना खोलीभर छान दरवळही येत राहतो. टर्पेंटाइन उगाच नाही आठवलं. ते हाताळणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवर उठणारा इसब ही जुनी ओळखीची व्याधी. तिथेही मूळ दोषी ठरले ते हवेशी संयोग होऊन बनलेले हायड्रोपेरॉक्साइडच. लिमोनिनच्या बाबतीत हे स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात गिनीपिगांवर दाखवून दिलं: शुद्ध लिमोनिनने अ‍ॅलर्जी झाली नाही, हवेत ठेवलेल्या लिमोनिनने झाली. पुढे लिनालूलचीही तीच कथा निघाली.

वहिनीला मी विचारलं, संत्र्याच्या अर्कतेलाची बाटली कुठे ठेवतेस? उत्तर आलं, "न्हाणीघराच्या खिडकीत." मोठी बाटली, तीन वर्षांपूर्वी एकदाच घेतलेली, आता तळाशी दोन बोटं तेल आणि वर सगळी हवा. ऊन, ऊब आणि ऑक्सिजन, तिन्ही हजर. तेव्हा 'तेल तेच' हे वाक्य तिथेच पडलं.

राहिलं 'मी तीच'. यासाठी थोडं मागे जावं लागतं.

आपल्या प्रतिकारयंत्रणेला १५०-२०० रेणुभाराचा कण दिसतच नाही. तिला प्रथिनांसारखे मोठे रेणू ओळखता येतात. मग एवढ्याशा रसायनाची अ‍ॅलर्जी होते कशी? हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा कार्ल लँडस्टायनरचा, ज्याने माणसाचे रक्तगट शोधले तोच. १९३० च्या दशकाच्या मध्यात त्याने सहकाऱ्यासह गिनीपिगांच्या त्वचेवर साधी रसायनं वापरून पाहिली. ज्यांना दुसऱ्या रेणूशी घट्ट बंध जोडता येतो, तीच रसायनं अ‍ॅलर्जी घडवत होती. छोटा रेणू त्वचेतल्या प्रथिनाला चिकटतो आणि त्यामुळे घरचंच प्रथिन परकं दिसू लागतं. असं चिकटून बसणाऱ्या छोट्या रेणूला हॅप्टेन म्हणतात. लिमोनिनला हे जमत नाही; तो रेणू आपल्यात रमलेला असतो. हायड्रोपेरॉक्साइडचा तो कमकुवत ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध मात्र तुटतो, आणि तुटल्यावर तयार होणारे तुकडे समोर येईल त्याला चिकटायला टपलेले असतात.

हे परकं दिसणारं प्रथिन प्रथम हेरतात त्वचेतल्या लँगरहान्स पेशी. पाउल लँगरहान्सने त्या १८६८ मध्ये, वैद्यकाचा विद्यार्थी असताना पाहिल्या. फांद्या फुटल्यासारखा आकार बघून त्याला त्या मज्जातंतूच्या पेशी वाटल्या. त्यांचं खरं काम कळायला पुढे शंभरेक वर्षं जावी लागली. या पेशी संशयिताचा नमुना घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात आणि तिथल्या टी पेशींपुढे (या प्रतिकारयंत्रणेच्या पांढऱ्या पेशी) तो ठेवतात. लाखो टी पेशींपैकी एखादीला तो जुळतो. ती मग आपल्यासारख्याच पेशींची फौज उभी करते, आणि त्यातल्या काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षं मागे राहतात. याला किमान दहाएक दिवस लागतात आणि या काळात बाहेर काहीही दिसत नाही. खाज नाही, लाली नाही.

दिसतं ते पुढच्या भेटीत. स्मृतिपेशी तयारच असतात, आणि एक ते तीन दिवसांत त्या जागी पुरळ उठतं. म्हणजे कारण सोमवारी आणि खाज बुधवारी. संशय तोवर मंगळवारच्या साबणावर जातो.

यातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'आधी मनगटावर एक थेंब लावून चोवीस तास थांबा' हा सल्ला सगळीकडे असतो. जळजळ होते का, किंवा आधीच अ‍ॅलर्जी आहे का, हे त्यातून कधी कधी कळतं. तेही चोवीस तासांत निसटू शकतं. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टची, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून बघण्याच्या चाचणीची, पट्टी अठ्ठेचाळीस तास ठेवतात आणि पुढेही एक-दोन दिवसांनी परत बघतात ते याचसाठी. पण उद्या अ‍ॅलर्जी होणार आहे का, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. ती घडायची की नाही हे बरंचसं ठरतं त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर किती माल पडला यावरून. कानामागे लावलेला निखळ एक थेंब आणि अख्ख्या हातापायांवर बदामतेलातून पसरलेला तोच एक थेंब, दोन्हींत रेणू तेवढेच. त्वचेच्या लेखी मात्र फरक जमीनअस्मानाचा. पातळ करण्याचं कारण हे आहे.

तेव्हा घरी करायचंच तर कसं? अंगाला लावून ठेवायच्या तेलात अर्कतेल एक टक्का, फार तर दोन. चेहऱ्यासाठी अर्धा टक्काही पुरे. थेंब मोजू नका. एक मिलिलिटरमध्ये ड्रॉपरप्रमाणे आणि तेलाच्या दाटपणाप्रमाणे वीसही थेंब बसतात आणि पस्तीसही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्या: ९९ ग्रॅम बदामतेल, १ ग्रॅम अर्कतेल, हिशेब संपला. लहान, गडद रंगाच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, फ्रिजमध्ये. उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहिलेली. लिंबूवर्गीय तेलं वर्षभरात संपवा, उरली तर त्वचेला नको. दालचिनीच्या सालीचं तेल मी त्वचेच्या कामाला घेतच नाही. त्यातल्या सिनॅमाल्डिहाइडला हवेची मदतही लागत नाही, ते थेट प्रथिनांना चिकटतं.

व्हिटॅमिन ई घालावं का? जरूर. ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि वरची खिसेकापूंची साखळी तिथे थांबते. पण व्हिटॅमिन ई म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह हा गैरसमज मी रोज वाचतो. जंतूंना त्याचं काहीही वाटत नाही. लोशनमध्ये पाणी असेल, गुलाबजल असेल, कोरफडीचा गर असेल, तर तिथे जंतू वाढणारच. फ्रिजने ते हळू वाढतात इतकंच, आणि त्वचेला सोसेल एवढ्या अर्कतेलाने त्यांचा भरवशाचा बंदोबस्त होत नाही. जंतूंसाठीचा नीट मोजून घातलेला प्रिझर्व्हेटिव्ह वापरायचा नसेल, तर पाणी घालूच नका. तेल आणि मेण यांचा बाम करा. आंघोळीच्या टबात थेंब टाकायची हौस असेल तर लक्षात घ्या, पाण्यात ते विरघळत नाहीत. मीठ आधी मिसळूनही विरघळत नाहीत. थेंब वर तरंगतो आणि जिथे अंगाला चिकटेल तिथे निखळ चिकटतो.

उन्हाचा विषय वेगळा, पण टाळता येणार नाही. बर्गमॉट (हेही एक लिंबूवर्गीय फळ) किंवा लाइमचं सालीतून दाबून काढलेलं तेल कागदावर टाकलं तर पुसटसा डाग मागे राहतो. न उडणाऱ्या त्या अवशेषात फ्युरोकुमारिन नावाची संयुगं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की अतिनील-ए किरणांच्या जोरावर डीएनएला जोडली जातात. परिणाम भाजल्यासारखा आणि नंतर महिनोन् महिने टिकणारा काळपट डाग. बर्गमॉटयुक्त कोलोन लावणाऱ्यांच्या त्वचेवरच्या अशा डागांची नोंद १९१६ सालची आहे. मानेवरून ओघळ जिथे जाईल तिथे लोलकासारखा पट्टा उठतो, म्हणून त्याला लोलकाच्या फ्रेंच शब्दावरून बर्लोक हे नाव पडलं. याला अ‍ॅलर्जी लागत नाही, तेल आणि ऊन पुरेसं असतं, आणि ते कोणालाही होऊ शकतं. वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेल्या लाइमच्या तेलात हा धोका नसतो, कारण फ्युरोकुमारिन वाफेबरोबर वर येतच नाहीत.

तान्ह्यांच्या नाकाजवळ पुदिना, निलगिरी किंवा कापूर नको. आणि ही बाटली मुलांच्या हाताला लागता कामा नये; निलगिरीचं चमचाभर तेल पोटात गेलं तरी मुलाला रुग्णालयात न्यावं लागतं.

या तेलांना चिकटलेल्या भाकडकथांपैकी दोनच सांगतो. एक, प्रत्येक तेलाची 'फ्रिक्वेन्सी' असते आणि गुलाबाची म्हणे ३२० मेगाहर्ट्झ. बाटलीतलं तेल कंपनं प्रक्षेपित करत असेल, तर ते रेडिओवर ऐकू यायला हवं. ही नुसती करमणूक आहे. दुसरी मात्र घातक: पुरळ उठलं म्हणजे 'विषद्रव्यं बाहेर पडतायत', लावत राहा. वर सांगितलेल्या स्मृतिपेशींना याहून सोयीचा सल्ला मिळणार नाही. वहिनीनेही पहिले दहा दिवस तेच केलं होतं.

वहिनीच्या पॅच टेस्टमध्ये ऑक्सिडीकृत, म्हणजे हवेतला ऑक्सिजन जोडलेल्या, लिमोनिनच्या ठिपक्याखाली लाल, खरबरीत चकती उठली. लिनालूलचा ठिपका स्वच्छ राहिला. आता ती साबण आणि शाम्पूची लेबलं भिंगातून वाचते. युरोपात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या सुगंधी अ‍ॅलर्जनांची नावं छापणं २००५ पासून सक्तीचं आहे. सुरुवातीला अशी २६ नावं होती, २०२३ च्या नियमाने ती ८० च्या वर गेली. लिमोनिन पहिल्यापासून त्या यादीत आहे.

"मग त्या खिडकीतल्या बाटलीचं काय करू?" तिने विचारलं. काचेच्या बरण्यांवर लेबलाचा डिंक उरतो ना, लिमोनिन त्याला झकास विरघळवतं. रविवारी दादा हातमोजे घालून, खिडकी उघडी टाकून, सतरा बरण्या घासत बसला होता.