ट्रॉपोनिनचा आकडा: निदानापासून भाकितापर्यंत

सोलापूरच्या हृदयरोग विभागांत येणारा रुग्ण बऱ्याचदा थेट येत नाही. मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूर, नाहीतर सीमेपलीकडच्या इंडीहून निघताना तो आधी जवळच्या डॉक्टरकडे जातो, कमरेत एक इंजेक्शन घेतो आणि मग गाडी धरतो. हार्ट अटॅक ओळखायला आज रक्तातले ट्रॉपोनिन, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारे प्रथिन, मोजतात. त्याआधी सीपीके या स्नायूंतल्या एन्झाइमच्या जमान्यात एवढ्याने निदानाचा घोळ होऊ शकत असे, कारण स्नायूत टोचलेल्या इंजेक्शननेही सीपीके चढते. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या कामगाराचे तर ते एरवीही थोडे वर असते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1954 मध्ये हार्ट अटॅकनंतर रक्तातली एसजीओटी या एन्झाइमची पातळी वाढते असे दिसले. ती यकृताच्या आजारातही वाढते, म्हणून एलडीएच, सीपीके आणि 1970च्या दशकात सीपीकेचा हृदयात जास्त आढळणारा प्रकार सीपीके-एमबी अशी शोधाची वाट पुढे गेली. 1979च्या जागतिक निकषांत छातीत दुखणे, ईसीजीतील बदल आणि एन्झाइमची वाढ या तिन्हींपैकी दोन गोष्टी पुरत. अटॅक आला की नाही, हाच तेव्हा रक्ततपासणीला विचारलेला मुख्य प्रश्न होता. रुग्ण तगेल का, हे डॉक्टर प्रामुख्याने वय, रक्तदाब आणि फुप्फुसात ऐकू येणारी खरखर यावरून ताडत.

ट्रॉपोनिनने हे चित्र पालटले. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या तपासण्या तयार झाल्या आणि 1996 मध्ये 1404 रुग्णांच्या रक्ताचे निकाल प्रसिद्ध झाले. ट्रॉपोनिन-आय (मोजल्या जाणाऱ्या आय आणि टी या दोन प्रकारांपैकी एक) 0.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असलेल्यांत 42 दिवसांतील मृत्यू 3.7 टक्के होते, कमी असलेल्यांत 1 टक्का. या रुग्णांपैकी कित्येकांना जुन्या निकषांनी अटॅक आलाच नव्हता. निदानासाठी घेतलेले रक्त आता पुढचेही काही सांगू लागले होते.

यातूनच 2000 सालचा तो निर्णय आला. युरोप आणि अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी अटॅकची व्याख्या बदलली. हृदयाला रक्त कमी पडल्याची लक्षणे असतील आणि ट्रॉपोनिन निरोगी लोकांच्या 99व्या पर्सेंटाइलच्या (शंभरातल्या नव्व्याण्णवांचा आकडा ज्या रेघेखाली राहतो तिच्या) वर गेले असेल, तर तो अटॅक, मग इजा कितीही लहान असो. समर्थकांचा युक्तिवाद साधा होता: आकडा वाढलेल्यांचे पुढचे दिवस वाईट जातात, मग त्यांना अटॅकचे रुग्ण का म्हणू नये? म्हणजे भाकिताच्या जोरावर निदान ठरले. माझ्या मते गफलत इथेच झाली. धोका जास्त असणे आणि धमनीत गुठळी असणे या दोन गोष्टी एकाच कप्प्यात गेल्या. अटॅकची नोंद वाढली, आणि काल ज्याला ‘अनस्टेबल अँजायना’ (हृदयाला रक्त कमी पडून दुखणे, पण अटॅक नाही) म्हणत, तो आज अटॅकचा रुग्ण झाला. विमा, नोकरी, घरच्यांची धास्ती, सगळे त्या एका शब्दामागोमाग आले.

‘निरोगी’ कोणाला धरायचे, हाही वाद तेव्हापासूनचा आहे. बायकांची मर्यादा पुरुषांपेक्षा कमी निघते. एका उच्च-संवेदनशील ट्रॉपोनिन-आय तपासणीत ती बायकांसाठी लिटरला 16 नॅनोग्रॅम, तर पुरुषांसाठी 34 आहे. सगळ्यांना एकच रेघ लावली की नेमक्या बायका सुटतात.

पुढे तपासण्या इतक्या बारीक झाल्या की ट्रॉपोनिन जवळपास प्रत्येकाच्या रक्तात सापडू लागले. किडनी निकामी झालेल्या, सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग सगळ्या शरीरावर उलटलेल्या), तीव्र ॲनिमियाच्या रुग्णातही ते वर. मे महिन्यातल्या सोलापुरात उष्माघाताने आणलेल्या माणसाचेही वाढू शकते. 2007 मध्ये अटॅकचे पाच प्रकार केले गेले, तर 2018 मध्ये हृदयस्नायूची इजा आणि अटॅक यांत स्पष्ट भेद केला गेला: आकडा चढता किंवा उतरता हवा आणि जोडीला रक्तपुरवठा कमी पडल्याचा पुरावा हवा. 2000 साली जोडलेले 18 वर्षांनी अर्धे सोडवले. तरी अटॅक नसताना झालेली इजाही पुढचा धोका दाखवतेच, त्यामुळे भाकिताचा मुद्दा काही मिटला नाही.

इथल्या कागदपत्रांत आणखी एक अडचण दिसते. तालुक्याच्या लॅबमध्ये ‘ट्रॉप-टी’ची कार्ड तपासणी होते. ती बऱ्याचदा फक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढेच सांगते. शहरात आल्यावर मशीनवर ट्रॉपोनिन-आय काढतात. टी आणि आयचे आकडे शेजारी ठेवून चालत नाही. आयच्या बाबतीत तर दोन कंपन्यांच्या मशीनचेही जुळत नाहीत. आकडा चढला की उतरला हे कळायला दोन्ही वेळा तीच तपासणी लागते, आणि फाइलमध्ये दोन वेगळ्या लॅबचे रिपोर्ट असतात.

हार्ट फेल्युअर (हृदय रक्त पुरेसे ढकलू न शकणे) ओळखण्यासाठीच्या बीएनपी या संप्रेरकाची वाट वेगळी. 1988 मध्ये जपानमध्ये ते डुकराच्या मेंदूत सापडले. पुढे कळले की त्याचा मुख्य उगम हृदयाचे कप्पे. 2002 मध्ये धाप लागून आलेल्या 1586 जणांवरील अभ्यासाने हार्ट फेल्युअर ओळखायची मिलिलिटरला 100 पिकोग्रॅमची सीमा रूढ केली. लठ्ठ माणसात ते कमी दिसते, किडनीच्या आजारात जास्त. एनटी-प्रोबीएनपी (बीएनपीबरोबरच तयार होणारा तुकडा) जितके जास्त तितका धोका मोठा, हे पुन:पुन्हा दिसले आहे. पण तो आकडा खाली आणण्याचे लक्ष्य ठेवून औषधे वाढवणारा 894 रुग्णांचा मोठा प्रयोग नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरेना, म्हणून मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये आले.

गॅलेक्टिन-3, एसटी-2, जीडीएफ-15 अशी रक्तातल्या घटकांची नवी नावे आता परिषदांत ऐकू येतात. पण अटॅकनंतरचा धोका मोजणारे 2003चे कोष्टक आजही वापरात आहे. त्यात वय, नाडी, रक्तदाब, ईसीजी, हार्ट फेल्युअरची चिन्हे, दाखल होताना हृदय बंद पडले होते का, अशा गोष्टी आहेत. रक्तातल्या दोनच: हृदयाचे एन्झाइम वाढले आहेत का, हो की नाही एवढेच, आणि किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन. आकडा म्हणून धरले जाते ते क्रिएटिनिन, जे तालुक्याच्या लॅबमध्येही होते.